सीमेपलीकडचं बारसं

२००७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. ल्योराखला राहणाऱ्या आमच्या मित्राला मुलगी झाली होती. बाराव्या दिवसाचं बारसं जमलं नाही, म्हणून मुलीची आजी पुण्याहून आल्यावर करायचं ठरलं. मित्राला सख्खी बहीण नाही, तेव्हा आत्याबाईचा मान माझ्या बायकोकडे आला. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं काम तिचं. तिने त्यासाठी साडीसुद्धा काढून ठेवली.

आम्ही राहायला बाझलमध्ये. आमच्या घरापासून ल्योराख लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, म्हणजे पुण्याच्या हिशेबात डेक्कनवरून हडपसरला जाण्यापेक्षाही सोपं. पण ल्योराख जर्मनीत, बाझल स्वित्झर्लंडमध्ये, आणि आमच्या खिशात भारताचा निळा पासपोर्ट. स्वित्झर्लंड तेव्हा शेंगेन व्यवस्थेत सामील झालेलं नव्हतं. इथला राहण्याचा परवाना सीमेच्या पलीकडे बारशाच्या कामाचा नव्हता. जायचं तर व्हिसा, व्हिसासाठी आधी भेटीची वेळ घ्यायची, आणि मिळालेली वेळ बारशानंतर तीन आठवड्यांनी. मग पगाराच्या स्लिपा, घराचा करार, बँकेचं पत्र, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि यजमानांचं निमंत्रण. अर्जातल्या 'प्रवासाचा उद्देश' या रकान्यात बारसं कसं लिहायचं यावर आमच्या घरी एक संध्याकाळ गेली. शेवटी 'कौटुंबिक समारंभ' लिहिलं. व्हिसा अर्थातच वेळेवर आला नाही.

मग त्यांनीच इकडे का येऊ नये? तेही जमेना. बाळाचा पासपोर्ट अजून झालेला नव्हता आणि आजींचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा. आजी एकदा बाहेर पडल्या असत्या तर परत नातीकडे जाता आलं नसतं. शेवटी मित्राने तोडगा काढला. रविवारी सकाळी ते सगळे रीहेनच्या नाक्यापर्यंत आले, त्यांच्या बाजूने. आम्ही आलो आमच्या बाजूने. आजींनी बाळ मांडीवर नव्हे, हातांवर धरलं, बायको साडी सावरून पुढे वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. आत्याबाई स्वित्झर्लंडमध्ये, बाळ जर्मनीत. बाळंतविडा तिकडे गेला, घुगऱ्यांचा डबा इकडे आला. जकातीच्या शिपायाने डबा उघडायला लावला. 'मांस नाही ना?' एवढंच त्याने विचारलं. हरभरे बघून त्याचं समाधान झालं.

नाव काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिला ते आवडणार नाही.

त्या दिवशी मी फार चिडलो होतो. पण धंद्याने आयटीवाला. एखादी सिस्टीम विचित्र वागायला लागली की तिचा जुना लॉग उघडून बघायची सवय. मास्टर्सच्या निमित्ताने जर्मन वाचता येऊ लागलं होतं, त्याचा उपयोग झाला. या कोपऱ्यात माणसाला सीमा ओलांडायला कधी काय काय लागलं ते मी वाचत गेलो, आणि हळूहळू माझी चिडचिड वेगळ्याच दिशेला वळली.

पहिला धक्का म्हणजे, शंभर वर्षांपूर्वी काहीच लागत नव्हतं. १९०० साली बाझलहून सेंट लुईला ट्राम जात होती. सेंट लुई तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं, कारण १८७१ नंतर अल्सेस जर्मनीकडे गेला होता. लोक कामाला, बाजाराला, नुसते फिरायलाही ये-जा करत. १९१० साली स्वित्झर्लंडच्या लोकसंख्येत सुमारे १५ टक्के परदेशी होते, आणि बाझल, जिनिव्हा अशा सीमेवरच्या शहरांत त्याहून कितीतरी जास्त. पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पासपोर्टची सक्ती सोडून दिली होती. एक तर रेल्वे आली आणि गाडीभर माणसांचे कागद तपासणं अशक्य झालं. दुसरं, त्या काळच्या राज्यकर्त्यांना पासपोर्ट ही जुन्या सरंजामी राज्यांची खोड वाटत असे. रशिया आणि तुर्कस्तान पासपोर्ट मागतात म्हणून त्यांना मागासलेले समजलं जाई! ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की १९१४च्या आधी तो भारतात आणि अमेरिकेत जाऊन आला तो पासपोर्ट न घेता, आणि हे सांगितलं की तरुण मंडळींचा विश्वास बसत नसे.

आपल्या ओळखीचं उदाहरणही आहे. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, एडिंबराला इंजिनियरिंग शिकायला आले आणि तिथून इंडिया हाऊसच्या वर्तुळात ओढले गेले. पुढे ते हेमचंद्र दास यांच्याबरोबर पॅरिसला रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची विद्या शिकले. लंडन-पॅरिस ये-जा करायला त्या काळी तिकिटाचे पैसे पुरत. आज त्याच प्रवासासाठी भारतीय विद्यार्थ्याला किती कागद जोडावे लागतात ते आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. (बॉम्बचा विषय अर्थात वेगळा.)

मग १९१४चा ऑगस्ट उजाडला आणि सगळी दारं एका आठवड्यात लागली. हेरांची भीती आणि सैन्यातून पळणाऱ्या तरुणांना अडवायची गरज, ही दोन मुख्य कारणं. व्यापलेला बेल्जियम आणि तटस्थ हॉलंड यांच्यामध्ये जर्मन सैन्याने १९१५ साली सुमारे दोन हजार व्होल्टची विजेची तार उभी केली. ती ओलांडताना शेकडो माणसं मेली. तटस्थ स्वित्झर्लंडनेही २१ नोव्हेंबर १९१७ रोजी सीमा पोलीस आणि परदेशी लोकांची नोंद यासाठी अध्यादेश काढला. त्यातूनच 'परदेशी पोलीस' हे मध्यवर्ती खातं जन्माला आलं. आपण सगळे आपले परवाने ज्यांच्याकडे नूतनीकरणाला नेतो, त्या खिडक्यांचं मूळ इथे आहे.

युद्ध संपलं, पण तात्पुरती म्हणून आणलेली व्यवस्था गेली नाही. ऑक्टोबर १९२०मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. तिथे जमलेल्यांनी एकीकडे म्हटलं की लवकरच पुन्हा पूर्वीसारखा मोकळा प्रवास व्हावा, आणि दुसरीकडे सगळ्या देशांसाठी एकसारख्या पासपोर्टचा नमुना ठरवला : पुठ्ठ्याचं वेष्टन आणि बत्तीस पानं. नमुना राहिला, मोकळा प्रवास राहून गेला. आम्हा कन्सल्टंटांना याचं आश्चर्य वाटत नाही. तात्पुरता म्हणून बसवलेला पॅच सर्वांत जास्त वर्षं चालतो. आपल्याकडे भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदाही १९२० सालचाच. तो थेट २०२५ साली रद्द होऊन त्याच्या जागी नवा कायदा आला.

पासपोर्ट लागतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न, ज्याला देशच नाही त्याचं काय? डिसेंबर १९२१मध्ये रशियातल्या नव्या सरकारने देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रिट्योफ नान्सेन तेव्हा राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त होते. जुलै १९२२मध्ये जिनिव्हाला त्यांनी सरकारांना एका कागदाच्या प्रमाणपत्रावर राजी केलं. तेच पुढे 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखलं गेलं. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह, सगळ्यांनी तो वापरला.

इथपर्यंतचा इतिहास वाचताना मला मजा येत होती. पुढचा वाचताना आली नाही.

१९२६पासून स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नव्हता. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नातले ज्यू जीव वाचवायला बाहेर पडू लागले. शेजारचा जवळचा देश स्वित्झर्लंड. स्विस सरकारने १ एप्रिलपासून ऑस्ट्रियन पासपोर्टला व्हिसा लावला. पण ऑस्ट्रियनांना आता जर्मन पासपोर्ट मिळणार होते, आणि जर्मन पासपोर्टला तर व्हिसा नाही. म्हणजे ज्यू माणूस जर्मन पासपोर्ट दाखवून सरळ आत येऊ शकत होता. परदेशी पोलीस खात्याचा प्रमुख हाइनरिश रोटमुंड याचं म्हणणं होतं की सगळ्याच जर्मनांना व्हिसा लावावा. जर्मनीला ते नको होतं. महिनोन्महिने पत्रव्यवहार झाला आणि २९ सप्टेंबर १९३८ रोजी बर्लिनमध्ये तोड निघाली : जर्मनी आपल्या ज्यू नागरिकांच्या पासपोर्टवर खूण करील आणि स्वित्झर्लंड तेवढ्यांकडून आधी परवानगी मागेल. काही दिवसांतच जर्मनीने ज्यूंचे सगळे पासपोर्ट रद्द केले आणि पहिल्या पानावर लाल रंगात मोठा 'जे' मारूनच पुन्हा वैध केले. करारात अशीही सोय होती की जर्मनी हाच नियम स्विस ज्यूंनाही लावू शकेल. म्हणजे एका लोकशाही देशाने आपल्याच काही नागरिकांना वेगळं काढण्याची मुभा सहीनिशी दिली. बर्नच्या मंत्रिमंडळाने त्याला मान्यताही दिली.

हे वाचल्यावर मी माझा पासपोर्ट काढून त्यातले शिक्के बराच वेळ बघत बसलो होतो. माझ्या त्रासाची या त्रासाशी बरोबरी करायची नाही. माझी फार तर एक पंगत चुकली होती.

याच सुमारास सेंट गालन प्रांतात पाउल ग्रुनिंगर नावाचा पोलीस प्रमुख होता. १८९१चा जन्म, आधी शाळामास्तर, तरुणपणी फुटबॉलपटू. एससी ब्र्यूल या त्याच्या क्लबने १९१५ साली स्विस अजिंक्यपद मिळवलं होतं. सेंट गालनची हद्द ऑस्ट्रियाला लागून, मध्ये ऱ्हाइन नदी. ऑगस्ट १९३८मध्ये बर्नहून हुकूम आला की व्हिसा नसलेल्या निर्वासितांना परत पाठवा. ग्रुनिंगर आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी आलेल्या माणसांच्या नोंदीत तारखा मागच्या घालायला सुरुवात केली. माणूस सप्टेंबरात किंवा नोव्हेंबरात आला असला तरी कागदावर तो बंदीच्या आधीच आलेला दिसायचा. मग त्याला परत पाठवायचं कारण उरत नसे. अशा रीतीने किती जण वाचले याचे आकडे काहीशेपासून तीन हजारांवर सांगितले जातात. डिएपोल्डसाऊला निर्वासितांची छावणी होती, तिथे तो स्वतः जाऊन बघत असे.

१९३९च्या वसंतात त्याला नोकरीवरून काढलं. १९४० साली कोर्टाने कर्तव्यभंग आणि बनावट नोंदींबद्दल दोषी ठरवून दंड केला. पेन्शन गेली. उरलेलं आयुष्य त्याने मिळेल ते काम करत, कधी मास्तरकी तर कधी विक्रेत्याची फिरती, असं ओढगस्तीत काढलं. १९७१ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला आणि १९७२ साली तो गेला. सेंट गालनच्या कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं ते ३० नोव्हेंबर १९९५ला. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कास्पार फिलिगर यांनी 'जे' शिक्क्याबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली होती. आज त्याच्या जुन्या क्लबचं मैदान त्याच्या नावाने आहे आणि डिएपोल्डसाऊहून होहेनएम्सला जाणारा ऱ्हाइनवरचा पूलही. मुलांना घेऊन आम्ही त्या पुलावर गेलो होतो. अगदी साधा पूल आहे. पाटी वाचली नाही तर कळायचंही नाही.

आमच्या रीहेनलाही तो काळ चुकला नाही. रीहेनच्या टोकाला 'लोखंडी हात' नावाची जंगलाची एक अरुंद पट्टी बोटासारखी जर्मनीत घुसलेली आहे. युद्धात जर्मनांनी रीहेनच्या सीमेवर काटेरी तारा घातल्या, पण ही पट्टी मोकळी राहिली. रात्री त्या झाडांतून माणसं पळून येत. काही वाचली, काहींना स्विस पहारेकऱ्यांनीच परत नेऊन सोडलं. ऑगस्ट १९४२मध्ये तर नियम असा कडक झाला की केवळ ज्यू म्हणून छळ होणाऱ्याला राजकीय निर्वासित समजायचंच नाही. पुढे बर्जिए आयोगाने युद्धकाळात सीमेवरून परतवलेल्यांची संख्या चोवीस हजारांच्या वर दिली. त्या आकड्यावर इतिहासकारांचे वाद आहेत. रीहेनला रेल्वेच्या जुन्या घरात २०११पासून एक छोटं स्मारक आहे. आम्ही ज्या नाक्यावर बारसं केलं तिथून फार लांब नाही. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

शेंगेनची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९८४मध्ये आल्प्समधल्या नाक्यांवर इटालियन जकात कर्मचाऱ्यांनी काम मंदावलं. ट्रकवाले दिवसेंदिवस अडकले, चिडले आणि त्यांनी फ्रान्सचे रस्तेच अडवले. जुलैमध्ये कोल आणि मितराँ यांनी आपल्या दोन देशांपुरती तपासणी सैल केली. हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांच्यात ती सवय आधीपासून होतीच. १४ जून १९८५ला या पाच देशांच्या प्रतिनिधींनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर सह्या केल्या. तिथे लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी एकत्र येतात. कोणत्याही देशाचा पंतप्रधान आला नव्हता, कारण यातून काही निघेल असं कुणाला वाटत नव्हतं. सुरुवातीची योजनाही मजेशीर होती : आपल्याकडे नियमबाह्य काही नाही असं सांगणाऱ्या मोटारीने काचेवर निदान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावायची, आणि पोलिसांनी तिला हळू चालत्या गाडीतच बघून सोडायचं. खरी अंमलबजावणी सुरू झाली २६ मार्च १९९५ला.

इथे आपल्याला लागू असलेली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आतले दरवाजे काढले, त्याच वेळी बाहेरची भिंत उंच केली गेली. सामाईक व्हिसा, सामाईक यादी, सामाईक संगणक. आपल्या आई-वडिलांना एका व्हिसावर पॅरिस, रोम, ॲम्स्टरडॅम बघता येतं ते शेंगेनमुळे, आणि त्या एका व्हिसासाठी मुंबईत दिवसभर बसावं लागतं तेही शेंगेनमुळेच. व्हिसाचं शुल्क २००७ साली ३५चं ६० युरो झालं आणि २०२४पासून ९०. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीयांसाठी जरा दिलासा आला. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो.

स्वित्झर्लंडने शेंगेनवर ५ जून २००५ला मतदान घेतलं आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी होकार दिला. प्रत्यक्षात रस्त्यावरची तपासणी थांबली १२ डिसेंबर २००८ला. त्या दिवशी शुक्रवार होता. कामावरून घरी येऊन आम्ही तडक ल्योराखची गाडी पकडली. रीहेन गेलं, स्टेटन आलं, कुणी काही विचारलं नाही. ज्या बाळाच्या बारशाला जाता आलं नव्हतं ते दीड वर्षाचं होऊन दुडुदुडु पळत होतं. त्याने बायकोला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं.

जकात मात्र राहिली, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात व्यवस्थेत नाही. २०१४च्या डिसेंबरात आठ नंबरची ट्राम वाइल आम ऱ्हाइनपर्यंत गेली आणि शनिवारी सगळं बाझल पिशव्या घेऊन तिकडे जाऊ लागलं, आपल्या मंडळातलेही. १ जानेवारी २०२५पासून माणशी दीडशे फ्रँकांवरच्या खरेदीवर कर लागतो, आधी मर्यादा तीनशेची होती. तेव्हा दिवाळीच्या फराळाचं सामान दोन खेपांत आणणारे वाढले आहेत. दहा नंबरची ट्राम तर रोडर्सडॉर्फला जाताना मध्येच फ्रान्समधल्या लेमेन स्टेशनावर थांबते आणि पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये येते. व्हिसाच्या दिवसांत आमच्यातले काही जण नकळत फ्रान्स 'करून' आले होते.

सीमा गेल्या असं वाटत असतानाच २०२०चा मार्च आला. जर्मनीने १६ तारखेला सीमा बंद केली. कोन्स्टान्स आणि क्रॉइत्सलिंगन या जोडशहरांमध्ये युद्धकाळातलं जे कुंपण २००६ साली काढून त्या जागी शिल्पं उभी केली होती, तिथे पुन्हा कुंपण लागलं. लोक जाळीतून हात हातात घेऊ लागले म्हणून दोन मीटर अंतर ठेवून दुसरं कुंपण लावलं. नवरा इकडे, होणारी बायको तिकडे अशी जोडपी दुपारभर खुर्च्या टाकून बसत. मे महिन्याच्या मध्याला ती कुंपणं निघाली, पूर्ण ये-जा १५ जूनला सुरू झाली. २०२३च्या ऑक्टोबरात जर्मनीने स्विस सीमेवर तपासणी पुन्हा आणली, या वेळी कारण बेकायदा स्थलांतर. सप्टेंबर २०२४पासून ती सगळ्याच भूसीमांवर लागू झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

२०२५च्या नोव्हेंबरात मित्राची आई पुन्हा आली. आता त्या पंचाहत्तरीला टेकल्या आहेत. १२ ऑक्टोबरपासून युरोपच्या बाहेरून येणाऱ्यांची संगणकीय नोंद सुरू झाली होती, त्यामुळे विमानतळावर त्यांचा फोटो काढला, बोटं यंत्रावर ठेवायला लावली. बोटं तीनदा ठेवावी लागली. मग त्यांनी अधिकाऱ्याला खुणेने विचारलं, शिक्का? तो हसला आणि त्याने शिक्काही मारला. १० एप्रिल २०२६पासून शिक्के पूर्ण बंद करायचं ठरलेलं होतं, त्याआधी दोन्ही चालू होतं.

त्या रविवारी आजींना रीहेनचा नाका बघायचा होता. आम्ही सगळे तिथे जाऊन उभे राहिलो. जागा नक्की कुठली यावर आमचं एकमत झालं नाही. आजींच्या मते खांबाच्या अलीकडे, बायकोच्या मते पलीकडे. संध्याकाळी ते ल्योराखला परत गेले तेव्हा गाडीत जर्मन पोलीस चढले होते, असं मित्राने फोनवर सांगितलं. मुलीने आपलं ओळखपत्र दाखवलं. आजींनी पर्समधून पासपोर्ट काढून नवीन शिक्क्याचं पान उघडूनच पुढे केलं.